कावळा, फांदी आणि शनीचा चौथरा

एप्रिल २०१६. महाराष्ट्रात सलग दुसऱ्या वर्षी दुष्काळ होता. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्याच आठवड्यात द्वारकापीठाचे शंकराचार्य स्वरूपानंद सरस्वती यांनी हरिद्वारला या दुष्काळाचे कारण सांगून टाकले. महाराष्ट्रात साईबाबांची पूजा होते, म्हणून दुष्काळ पडला. जोडीला आणखी एक विधान केले. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका जाऊ लागल्या आहेत, त्याने त्यांच्यावरचे बलात्कारासारखे अत्याचार वाढतील. शिर्डी राहाता तालुक्यात, शिंगणापूर नेवासा तालुक्यात. तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या वाट्याला एका दमात दोन कार्यकारणभाव आले.

लोक हसले, साईभक्त चिडले, वाहिन्यांनी दोन दिवस चर्चा झडवल्या आणि विषय संपला. पण हसण्याने खंडन होत नाही. विधान चुकीचे आहे हे आपल्याला आतून जाणवते. ते नेमके कुठे चुकले हे बोट ठेवून दाखवता येते का, हा खरा प्रश्न. तसे दाखवता आले नाही, तर त्याच साच्यातले दुसरे विधान, आपल्या आवडीचे, आपण बिनबोभाट गिळतो.

साचा जुनाच आहे. आधी अमुक घडले, नंतर तमुक घडले, म्हणून अमुकामुळे तमुक घडले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर कावळ्याच्या वजनाने फांदी मोडली असे कोणी म्हणू नये, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. संस्कृत पंडितांनी याला काकतालीय न्याय म्हटले. पण गाठ निव्वळ योगायोगाची की खरोखर कारणाची, हे ओळखायचे कसे? त्यासाठी न्यायशास्त्राने एक साधी कसोटी दिली आहे, अन्वय आणि व्यतिरेक. जिथे धूर तिथे आग, उदाहरणार्थ स्वयंपाकघर, हा अन्वय. जिथे आग नाही तिथे धूरही नाही, उदाहरणार्थ तळे, हा व्यतिरेक. दोन्ही बाजूंनी तपासून टिकले, तरच नाते पक्के धरायचे.

आता शंकराचार्यांचे विधान या कसोटीला लावून पाहू. साईंची पूजा आहे तिथे पाऊस नाही, असे खरेच आहे का? चेन्नईतल्या मैलापूरचे साई मंदिर जुने आणि गजबजलेले. त्या चेन्नईत चारच महिने आधी, डिसेंबर २०१५ मध्ये, इतका पाऊस झाला की विमानतळ बंद ठेवावा लागला. म्हणजे अन्वय गेला. उलट बाजूने पाहा. साईंची पूजा नव्हती तेव्हा दुष्काळ नव्हता का? १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये माणसे अन्नावाचून मेली. त्या वेळी साईबाबा शिर्डीत एक फकीर म्हणून राहत होते आणि त्यांचे नाव पंचक्रोशीबाहेर फारसे पोचलेही नव्हते. व्यतिरेकही गेला. हेतू एकदा इकडे, एकदा तिकडे जातो, अशा हेतूला नैयायिक सव्यभिचार म्हणतात. नाव जरा झोंबणारे आहे, पण नेमके आहे.

मग दुष्काळाचे कारण काय? २०१४ साली देशात मोसमी पाऊस सरासरीच्या १२ टक्के कमी झाला, २०१५ साली १४ टक्के कमी. प्रशांत महासागरात त्या वर्षी जोरदार एल निनो होता. नगर जिल्ह्यापुरते बोलायचे तर कारण पश्चिमेला उभेच आहे, सह्याद्री. अरबी समुद्रावरून येणारे ढग अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीला हजारो मिलीमीटर पाऊस ओततात आणि डोंगर ओलांडून पारनेर, पाथर्डी, जामखेडला पोचेपर्यंत रिकामे झालेले असतात. एकाच जिल्ह्यात, एकाच पावसाळ्यात. साईभक्त अकोल्यात कमी आणि पाथर्डीत जास्त आहेत, असे अजून कोणी म्हटलेले नाही.

गंमत पुढे आहे. ८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, शिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला झाला. त्यानंतरच्या पावसाळ्यात राज्यात चांगला पाऊस झाला. उन्हाळ्यात कोरडे पडलेले मांजरा धरण भरले. शंकराचार्यांचाच साचा वापरायचा, तर बायका चौथऱ्यावर चढल्या म्हणून पाऊस आला, असे म्हणायला हवे. स्त्री-हक्कांच्या बाजूच्या कोणालाही हा युक्तिवाद गोड वाटेल. पण तोही तितकाच पोकळ आहे. साच्याची परीक्षा करायची ही चांगली रीत आहे: त्यात आपल्या सोयीचा निष्कर्ष ओतून पाहायचा आणि तरी तो पटतो का, हे स्वतःला विचारायचे.

शेतात हाच साचा महागात पडतो. अमुक कंपनीचे टॉनिक फवारले आणि डाळिंब फुगले. पण त्याच पंधरवड्यात पाऊसही झाला होता, हे कोणी सांगत नाही. फवारणी न केलेली एक ओळ मुद्दाम सोडली असती तर व्यतिरेक मिळाला असता. राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या प्रयोगांत अशी ओळ नेहमी सोडतात, आणि तीच त्या प्रयोगाची जान असते. शेतकऱ्याला एक ओळ सोडणे जिवावर येते हेही खरे. प्रश्न त्याच्या पोटाचा आहे. पण दुकानदार जेव्हा "शेजारच्या गावात विचारून या" म्हणतो, तेव्हा विचारायला कोणाकडे पाठवतो ते बघावे. ज्यांचे पीक साधले त्यांच्याकडेच. ज्यांचे फसले त्यांचा पत्ता दुकानात नसतो.

कांद्यात आणखी एक वेगळी चूक होते आणि ती अधिक शिकलेली माणसेही करतात. नेवासा तालुक्यातच घोडेगावचे कांदा मार्केट आहे. तिथे एखाद्याला भाव चांगला सापडतो. पुढच्या हंगामात गाव म्हणते, कांद्यात पैसा आहे. एका शेतकऱ्यासाठी हे खरे होते. पण सगळ्यांनी मिळून तेच केले की तेच खरे राहत नाही, कारण भाव हा सगळ्यांच्या कांद्यावर मिळून ठरतो. एकाला लागू पडणारी गोष्ट समूहाला लागू पडेलच असे नाही, हे तर्कशास्त्राच्या पुस्तकातले वाक्य घोडेगावच्या वजनकाट्यावर दर दोन-तीन वर्षांनी सिद्ध होते. याला शेतकऱ्याचे अज्ञान म्हणणारे शहरी लोक स्वतः मात्र शेजाऱ्याने ज्या योजनेत फ्लॅट घेतला तिथेच रांग लावतात.

पुन्हा शिंगणापुरात येऊ. हे गाव जगाला ठाऊक आहे ते बिनदरवाज्यांच्या घरांसाठी. चौकट आहे, फळी नाही. कुत्री-मांजरे आत येऊ नयेत म्हणून कुठे पत्रा आडवा लावलेला. श्रद्धा अशी की इथे चोरी करणाऱ्याला शनिदेव शिक्षा देतो, म्हणून इथे चोरी होत नाही. २०११ च्या जानेवारीत युको बँकेने इथे कुलूप नसलेली शाखा उघडली तेव्हा देशभर बातम्या झाल्या. त्या शाखेला काचेचे दार होते आणि सहज नजरेला न पडणारे, दूरनियंत्रकाने चालणारे विद्युतचुंबकीय कुलूपही होते. बँकेने श्रद्धेचा मान राखला आणि रोकडीचाही. मला यात ढोंग दिसत नाही. ज्याच्यावर दुसऱ्यांच्या पैशाची जबाबदारी आहे, तो कशावर विसंबतो हे मात्र यातून कळते.

आता श्रद्धा बाजूला ठेवून नुसता युक्तिवाद पाहू. २०१० साली एका परराज्यातल्या भाविकाने गाडीतून रोख रक्कम आणि ऐवज मिळून ३५ हजारांची चोरी झाल्याची तक्रार केली. उत्तर आले, ती चोरी गावाच्या हद्दीबाहेरची. पुढच्या वर्षी ७० हजारांच्या दागिन्यांची तक्रार झाली. २०२५ मध्ये देवस्थानच्या नावाने बनावट अ‍ॅप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे घेतल्याच्या आरोपावरून गुन्हा दाखल झाला. प्रत्येक वेळी दाव्याची कड थोडी आत सरकवता येते. हद्दीबाहेरची चोरी धरायची नाही. बाहेरच्या माणसाने केलेली धरायची नाही. ऑनलाइन झालेली तर नाहीच नाही. चोर सापडला तर देवाने शिक्षा दिली. नाही सापडला तर शिक्षा व्हायची आहे. काहीही घडले तरी जो दावा बरोबरच ठरतो, तो घडणाऱ्या गोष्टींबद्दल काहीच सांगत नाही. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने विसाव्या शतकात यावर आपले सगळे विज्ञानाचे तत्त्वज्ञान उभे केले: कोणती घटना घडली तर तू हरलास असे मानशील, ते आधी सांग.

दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. २०१५ मध्ये इथे पोलीस ठाणे सुरू झाले आणि गावकऱ्यांकडून चोरीची एकही तक्रार आली नाही, असे वर्तमानपत्रांत छापून आले. हा पुरावा म्हणून दिला गेला. पण ज्या गावात चोरी झाली असे म्हणणे हाच देवाचा आणि गावाचा अपमान, आणि ज्या गावाचा प्रपंच त्या कीर्तीवर चालतो, तिथे तक्रार करायला कोण पुढे येईल? शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात सगळीकडे सारखा शिजतो आणि शीत आपण कुठूनही उचलू शकतो. इथे शीत उचलायचे की नाही, हे भातच ठरवतो. तक्रार न येणे आणि चोरी न होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. हुंडा, घरातली मारहाण, शाळेतले रॅगिंग, सगळीकडे "आमच्याकडे एकही तक्रार नाही" हे वाक्य ऐकले की हे आठवावे.

पण इथेच विवेकवादी मित्रांचाही पाय घसरताना मी पाहिला आहे. शिंगणापुरात चोरी झाली, तेव्हा शनी-बिनी काही नाही, असे ते ठोकून देतात. चोरीच्या तक्रारीने "इथे चोरी होत नाही" एवढेच विधान खोडले जाते. देव आहे की नाही हा प्रश्न त्याने सुटत नाही, तो होता तिथेच राहतो. पुराव्याच्या बाहेर एक पाऊल टाकले की ते कोणाच्याही बाजूने टाकलेले असो, घसरणे तेच.

चौथऱ्याचा वाद म्हणजे तर युक्तिवादांचे प्रदर्शनच होते. २००० साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या नेतृत्वाखाली अंधश्रद्धा निर्मूलन समितीने स्त्रियांच्या प्रवेशासाठी आंदोलन केले, ते अडवले गेले. २६ जानेवारी २०१६ रोजी तृप्ती देसाई यांच्या भूमाता ब्रिगेडच्या महिला निघाल्या, त्यांना पारनेर तालुक्यात सुप्याला अडवले. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर १ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याची अंमलबजावणी करायला सांगितले. देवस्थानने मग पुरुषांनाही चौथरा बंद केला. पाडव्याला गावातले पुरुष नेहमीप्रमाणे गोदावरीचे पाणी घेऊन चढलेच, आणि त्याच दिवशी विश्वस्तांनी चौथरा सर्वांना खुला केल्याचे जाहीर केले.

या सगळ्या काळात टपरीवर, एसटीत आणि वाहिनीवर जे बोलले गेले त्यातले सर्वांत बलवान वाक्य होते, "चारशे वर्षांची परंपरा आहे." परंपरा जुनी असणे हा तिच्याकडे नीट पाहण्याचा आधार होऊ शकतो, एवढी वर्षे टिकली तर त्यात काही शहाणपण असेल, तर शोधा. पण शोध न घेता वय हेच उत्तर म्हणून पुढे करणे म्हणजे प्रश्नच गिळणे. विटाळ किती जुना होता? अस्पृश्यता किती जुनी होती? आणि पाडव्याला गंमत अशी झाली की पुरुषांना बंदी केल्यावर पुरुषांनी परंपरा म्हणून ती मोडली. त्या दिवशी परंपरेचे वय कुणाच्या बाजूने मोजायचे, हे लोकांनी आपापल्या सोयीने ठरवले.

दुसरे वाक्य, "त्या बाईला प्रसिद्धी हवी आहे." असेलही. प्रसिद्धीसाठी म्हटले म्हणून दोन अधिक दोन पाच होत नाहीत आणि निरिच्छ माणसाने म्हटले म्हणून साडेचार होत नाहीत. माणसाचा हेतू तपासायची एक जागा आहे, साक्षीची. त्याने जे पाहिले म्हणून सांगितले ते खरे मानायचे का, हे ठरवताना त्याचा स्वार्थ जरूर पाहावा. पण जो युक्तिवाद सर्वांसमोर मांडला आहे आणि ज्याची प्रत्येक पायरी आपल्याला तपासता येते, तिथे सांगणारा कोण हे पाहायची गरजच काय? तेच शंकराचार्यांनाही लागू. ते धर्मगुरू होते म्हणून त्यांचे विधान खोटे ठरले नाही. ते अन्वय-व्यतिरेकावर टिकले नाही म्हणून ठरले.

तिसरे वाक्य मला सर्वांत लबाड वाटते. "इथे माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला चौथऱ्याचे पडले आहे." ऐकणारा लगेच गप्प होतो, कारण पाण्याचा प्रश्न खरोखर मोठा असतो. पण चौथरा खुला झाल्याने लातूरला जाणारा एक टँकर तरी कमी होणार होता का? दोन प्रश्नांत निवड करायचीच नव्हती. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा पेच जिथे खरा असतो तिथे तो मान्य करावा; पण दहातल्या नऊ वेळा तो बोलणाऱ्याने घरून आणलेला असतो. आणि हेच वाक्य बोलणारे लोक दुष्काळ संपल्यावर चौथऱ्याच्या प्रश्नाकडे परत आल्याचे मला तरी दिसले नाही.

ज्या नेवासा तालुक्यात हे सगळे घडले, तिथेच शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली, अशी परंपरा आहे. तिच्या नमनात सहा दर्शने हेच गणपतीचे हात आहेत आणि हातातला परशू म्हणजे तर्क. भक्तीच्या ग्रंथाच्या पहिल्याच पानावर तर्काला देवाच्या हातात जागा मिळाली, हे वारकऱ्यांना सांगावे लागत नाही. श्रद्धा आणि तर्क यांचे भांडण लावून देणाऱ्या दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना सांगावे लागते. अर्थात परशू हातात आला की दिसेल ते झाड तोडायचा मोहही होतो. तर्कदोषांची नावे नुकतीच शिकलेला मुलगा घरात प्रत्येकाला "हा तर व्यक्तिगत हल्ला" म्हणून अडवतो आणि स्वतः काहीच मांडत नाही. नैयायिकांनी या रोगालाही नाव ठेवले आहे. सत्य शोधण्यासाठी बोलणे तो वाद, जिंकण्यासाठी बोलणे तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचे फक्त पाडणे ती वितंडा. मराठीत "वितंडवाद" नुसत्या भांडणाला म्हणू लागलो आणि ही बारकाई हरवली. युक्तिवाद सदोष निघाला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, हेही तितकेच लक्षात ठेवायला हवे. आजी म्हणते, रात्री झाडाखाली झोपू नकोस, मुंजा धरतो. कारण पटले नाही तरी अंगावर फांदी पडू शकते आणि साप-विंचूही असू शकतात. सल्ला वेगळा तपासावा, कारण वेगळे.

आणि आता तो वाद, जो नगर जिल्ह्यात कमी पावसाच्या वर्षी पावसाळा सरता सरता उभा राहतो. १५ ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडी धरणात उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांतून, म्हणजे नगर-नाशिकच्या मुळा, भंडारदरा, निळवंडे, गंगापूर यांसारख्या धरणांतून, पाणी सोडायचे असा समन्यायी वाटपाचा नियम ठरला. २००५ च्या कायद्याखाली तो आला. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला तेव्हा रस्ते अडवले गेले.

नगरची बाजू म्हणते, "आमच्या हक्काचे पाणी पळवले." मराठवाड्याची बाजू म्हणते, "आमच्या हक्काचे पाणी अडवले." दोघांच्या वाक्यात निष्कर्ष आधीच बसलेला आहे. पाणी कोणाचे, हाच तर वाद आहे. "आमचे" म्हणून सुरुवात केली की पुढे सिद्ध करायला काही उरतच नाही. मग तिकडून येते, "तुम्ही उसाला पाणी पाजता." इकडून जाते, "तुमच्याकडेही कारखाने आणि ऊस आहे, वर दारूचे कारखाने." दोन्ही खरे आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विख्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला त्याला सत्तरहून अधिक वर्षे झाली, आणि मराठवाड्यातही पुढे कारखाने उभे राहिले. पण तूही तेच करतोस, एवढ्याने माझे करणे योग्य ठरत नाही आणि तुझेही ठरत नाही. उसाचा प्रश्न दोन्ही पात्रांत तसाच पडून राहतो. तिसरा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो या गलबल्यात बुडतो: कोरड्या नदीपात्रातून सोडलेल्या पाण्यापैकी किती वाटेत मुरते, किती उपसले जाते, आणि पैठणला किती पोचते.

पुढच्या अपुऱ्या पावसाच्या वर्षी हा वाद पुन्हा पेटेल. तुमच्या गावात, कट्ट्यावर किंवा घरातल्या जेवणाच्या ताटावर तो आला, तर "आमचे" आणि "तुमचे" हे दोन शब्द बाजूला ठेवायला सांगा आणि आधी एवढेच विचारा: धरणातून किती सुटले, जायकवाडीला किती पोचले, आणि हा आकडा मोजला कोणी?